मेणाचा समुद्र

आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर डाळीचा एक डाग आहे. रंग दिला की तो जातो आणि पुढच्या पावसाळ्यानंतर परत दिसतो. नवीन आलेलं माणूस विचारतं, वरून गळतं का? मी सांगते, गळत नाही, भाडेकरूनं उडवली.

भाडेकरू म्हणजे सर. उल्हासनगरच्या एका कॉलेजात ते भूगोल शिकवायचे आणि अंबरनाथ पूर्वेला आमच्या बैठ्या घराची मागची खोली त्यांना दिलेली होती. माझं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत. आमचे मिस्टर एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत शिफ्टला होते. ते म्हणायचे, खोली द्यायची तर शिकलेल्या माणसाला द्यायची, आपल्या सुजाताच्या कानावर चार शब्द पडतील. शब्द पडले. चारावर थांबले नाहीत.

डाळीचं असं झालं. मी गॅस बंद करून कुकर तसाच ठेवला होता. सर वाटी घेऊन आमटी मागायला आले. सुजाता तेव्हा अकरावीत होती, सरांच्याच वर्गात. तिनं विचारलं, "सर, समुद्राच्या तळाखाली खडक वितळतो म्हणता, मग तिथे आच कोण वाढवतं?"

"आच कोणीच वाढवत नाही. खडक आधीच तापलेला असतो. वर दाब असतो म्हणून वितळत नाही. वर यायला लागला की दाब कमी होतो आणि वितळतो." एवढं बोलून त्यांनी कुकरकडे पाहिलं.

मी म्हटलं, "सर, वाफ जाऊ दे आधी."

त्यांनी शिट्टी उचलली. डाळ सरळ छताला लागली. थोडी सरांच्या चष्म्यावर आली, थोडी सुजाताच्या वेणीवर. सर चष्मा न पुसता म्हणाले, "बघ. गॅस बंद आहे. आच वाढवली नाही. फक्त दाब काढला, तर आतलं खदखदलं." मग त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली. म्हणाले, "उरली असेल तर, ताई."

त्यांना वेड एकाच गोष्टीचं होतं. सगळ्या समुद्रांच्या तळाशी म्हणे डोंगरांची एक रांग आहे, चेंडूवरच्या शिवणीसारखी पृथ्वीभर फिरलेली. ती शिवण रोज उसवते आणि रोज शिवली जाते. तळ दोन्हीकडे सरकतो, मधे फट पडते, फटीतून खालचा तापलेला खडक वर येतो, वितळतो, गोठतो आणि त्याचाच नवा तळ होतो. नवा तळ गरम असतो म्हणून फुगून उंच राहतो. शिवणीपासून जसा लांब जातो तसा थंड होतो, जड होतो आणि खाली बसत जातो. माणसाचंही असंच होत असेल असं एकदा माझ्या मनात आलं होतं, पण भाजी चिरायची राहिली होती.

आता मुद्दा असा होता की तळ सरकतो कशानं. पोरांच्या हातात जे गाईड असायचं त्यात लिहिलं होतं की खालून गरम प्रवाह येतात आणि ते तळाला दोन्हीकडे ढकलतात. सरांना हे वाक्य दिसलं की त्यांचा रंग बदलायचा. त्यांचं म्हणणं, कोणी ढकलत नाही. तळाचं दुसरं टोक, लांबचं, जुनं, थंड झालेलं, ते इतकं जड होतं की पृथ्वीच्या पोटात बुडायला लागतं आणि बुडताना बाकीच्याला ओढून नेतं. ओढलं म्हणून मधे फट पडते, आणि फट पडली म्हणून खालचं वर येतं. गाईडवाल्यांनी शेवटचं आधी आणि आधीचं शेवटी करून ठेवलंय, असं ते म्हणायचे.

"ढकलणारा शोधू नका, ओढणारा शोधा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. समुद्राशिवायही वापरायचे. शेजारणीची सून माहेरी गेली ती आलीच नाही. शेजारीण आमच्या ओट्यावर बसून रडायला लागली, "कोणी कान भरले गं माझ्या सुनेचे?" सर मागच्या दारात दाढी करत होते. तिथूनच म्हणाले, "कान कोणी भरले ते राहू द्या. तिकडे ओढ कशाची आहे ते बघा." शेजारणीनं त्यांना दोन शिव्या दिल्या. पुढे कळलं, सुनेला माहेरगावी बालवाडीत नोकरी लागली होती.

सरांची बायको सांगलीला असायची, तिथल्या शाळेत शिकवायची. दिवाळीला सर जायचे आणि दिवाळी संपायच्या आत परत यायचे. मी एकदा सरळ विचारलं, "भांडण झालं का तुमचं?"

"नाही."

"मग वेगळे का राहता?"

"तिला तिकडे तिची शाळा ओढते, आई ओढते. मला इकडे कॉलेज. ढकललं कोणीच नाही, ताई. सरकलो."

"म्हणजे भांडण झालं," मी म्हटलं.

त्यांच्या डाव्या करंगळीचं नख लांबच लांब होतं. समुद्राचा तळ नखाच्या वेगानं सरकतो, हे वर्गात दाखवायला ते वाढवलेलं. पोरांना म्हणायचे, गेल्या परीक्षेला हे इथवर होतं, आता इथवर आलंय, समुद्र तेवढाच रुंद झालाय. आमटीच्या वाटीवर ते नख मला रोज दिसायचं. शेवटी एकदा नळावर बादली उचलताना तुटलं. सर त्या तुकड्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मागे बायका रांगेत होत्या. एकीनं ओरडून विचारलं, "सर, समुद्र आटला का? बादली घ्या!"

घरमालकिणीच्या नवऱ्याशी त्यांचं पटायचं, म्हणजे आमच्या ह्यांच्याशी. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे हे घरी. दोघं ओट्यावर बसून मलंगगडाच्या डोंगराकडे बघायचे. सर सांगायचे, हा काळा दगड म्हणजे गोठलेला रस. हा रस जमिनीतून बाहेर पडत होता त्याच सुमारास समुद्रातली जुनी शिवण बंद पडली आणि आपल्या बाजूला नवी उसवली. त्यामुळे आपल्या जमिनीचा एक तुकडा पलीकडच्या बाजूला राहिला. तो आता आफ्रिकेकडे समुद्रात बेटं होऊन बसलाय.

"आपला तुकडा?" ह्यांनी विचारलं.

"आपलाच."

"मग परत मागता येणार नाही का?"

सरांनी गंभीरपणे विचार केला आणि सांगितलं, येणार नाही, अजून लांब चाललाय. ह्यांना वाईट वाटलं. मग सरांनी सांगितलं की अरबी समुद्राखाली जी शिवण आहे तिला परदेशातल्या एका बिअरवाल्यांचं नाव आहे, कारण ती शोधणाऱ्या जहाजाचा खर्च त्यांनी केला होता. तेव्हा ह्यांना जन्मात पहिल्यांदा भूगोलात रस वाटला.

आता मेणाचं सांगते. वर्गात बोलून पोरांना पटेना, म्हणून सरांनी समुद्र करायचं ठरवलं. उल्हासनगरच्या कॅम्प चारला एक सिंधी शेठ मेणबत्त्या करायचा. त्याच्याकडून तुटक्या मेणबत्त्यांचं पोतं आणलं. शेठनं विचारलं होतं, "सर जी, क्या बनाओगे?" सर म्हणाले, "समुंदर का तला." शेठ म्हणाला, "बिकेगा?" सर म्हणाले, "नहीं." शेठनं पोतं फुकट दिलं. नंतर मला बाजारात भेटला तेव्हा हळूच विचारत होता, "भाभी, सर की तबीयत तो ठीक है ना?"

बेकरीतला पत्र्याचा लांब ट्रे स्टोव्हवर ठेवायचा, त्यात मेण वितळवायचं, वरून टेबलफॅन लावायचा. वर साय धरते तशी मेणाची पापडी धरते. पापडीच्या एका टोकाला लाकडी पट्टी रुतवायची, पट्टीला दोरा, आणि दोरा माझ्या लाटण्याला. लाटणं हळूहळू फिरवलं की दोरा गुंडाळतो आणि पापडी ओढली जाते. रेशनचं सगळं रॉकेल ह्यात जायचं, म्हणून सर आमटी मागायला यायचे. शुक्रवारी लाइट जायची, मग फॅनऐवजी मला सुपानं वारा घालायला बसवायचे. ह्यांची रात्रपाळीची झोप आणि मेणाचा वास एकाच घरात. हे चादरीतून ओरडायचे, "सर, समुद्र जरा अंगणात न्या ना!"

"वारा वेडावाकडा लागतो तिथे," सर सांगायचे.

लाटणं सुजाताच फिरवायची. सरांचा हात थरथरायचा आणि कॉलेजातली पोरं जोरात ओढून पापडी फाडायची. सुजाताचा हात एका लयीत चालायचा, लहानपणापासून भाकऱ्या थापलेल्या. सर बाजूला उकिडवे बसून सांगायचे, "हळू. अजून हळू. आता मधे खोल घळ दिसेल." घळ दिसायची. "आता वेग वाढव. घळ भरून येईल, सपाट फुगवटा होईल." तसंच व्हायचं. एकदा फट सरळ न जाता पायऱ्यापायऱ्यांनी गेली, काटकोनात वळत वळत. सर उठून उभे राहिले. म्हणाले, "समुद्रात अशीच आहे. हे मी केलं नाही. हिनं केलं नाही. मेणानं केलं." ह्यांनी चादरीतून विचारलं, झालं का मग? झालं नव्हतं. अजून एकदा करायचं होतं.

मी सुपानं वारा घालताना बघायची. मेण खालून काही ढकलत नव्हतं, हे मलाही दिसत होतं. पण मला कोण परीक्षेला विचारणार होतं.

परीक्षेवरून सरांचं एक प्रकरण झालेलं होतं. त्यांना बारावीच्या बोर्डाचे पेपर तपासायला बोलावलं होतं. त्यात हाच प्रश्न होता, समुद्रातली रांग कशी तयार होते, आणि तपासणाऱ्यांना जे नमुना उत्तर दिलेलं असतं त्यात ढकलणं होतं. सरांनी ढकलणं लिहिलेल्या सगळ्यांना शून्य दिलं. ओढणं कोणी लिहिलंच नव्हतं. काहींनी प्रश्न कोरा सोडला होता. त्यांना सरांनी पूर्ण मार्क दिले. वरच्यांनी बोलावून विचारलं, हे काय? सर म्हणाले, "ह्यांनी निदान खोटं तरी लिहिलं नाही." सगळे गठ्ठे दुसऱ्याकडे गेले आणि सरांना परत कधी पेपर तपासायला बोलावलं नाही. प्रिन्सिपलनी दम दिला. सरांनी येऊन मला हे सगळं सांगितलं आणि विचारलं, "ताई, माझं चुकलं का?" मी म्हटलं, जेवून घ्या.

तेव्हा ती गोष्ट गमतीची वाटली. सुजाता बारावीला गेली तेव्हा वाटेनाशी झाली.

सुजाताला मास्तरीण व्हायचं होतं. डी.एड.ला प्रवेश बारावीच्या मार्कांवर. ह्यांनी सांगून टाकलं होतं, नंबर लागला तर शिक, नाही लागला तर बदलापूरचं स्थळ आहे, मुलगा कंपनीत आहे, उन्हाळ्यात उरकून टाकू. मुलगा वाईट नव्हता. पण सुजाताला लग्न नको होतं आणि मला तिनं माझ्यासारखं घरात बसायला नको होतं. एकेका मार्कावर नंबर मागे जातो, हे मला शेजारच्या मुलीवरून माहीत होतं.

परीक्षेच्या आधी मी सुजाताची भूगोलाची वही उघडली. मला सगळं वाचता येतं, सावकाश. सगळीकडे ओढणं. गाईड बाजूला ठेवलं आणि दोन्ही ताडून पाहिलं. मग चहा घेऊन मागच्या खोलीत गेले.

"सर, तुमचं खरं आहे ते तुमच्याकडे ठेवा. माझ्या पोरीला मार्क पाहिजेत."

सर म्हणाले, "तिला सगळं समजलंय, ताई. अख्ख्या वर्गात तिला एकटीला."

"तेच म्हणते. समजलेल्याला शून्य मिळणार आणि न समजलेल्यांचा नंबर लागणार. तुम्ही सांगितलं तर ती गाईडमधलं लिहील. मी सांगितलं तर नाही लिहिणार."

"मी सांगू? ढकलतं म्हणून?"

"तुम्हीच. नाहीतर मग लग्नाला या. बदलापूरला मांडव घालू."

सरांनी चहा घेतला नाही. त्यावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी ते पुढच्या दारानं आले. कधी पुढच्या दारानं आले नव्हते. हातात गाईड. सुजाताला म्हणाले, "लिहून घे." आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहून उत्तर वाचायला लागले. खालून गरम प्रवाह येतात. ते तळाला दोन्ही बाजूंना ढकलतात. एखाद्या परक्याच्या घरातलं पत्र वाचून दाखवावं तसा आवाज. सुजातानं सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "सर, हे खरं आहे?"

"हे पाच मार्कांचं आहे," सर म्हणाले.

"आणि तुमचं?"

"ते परीक्षेत लिहायचं नाही. मला शब्द दे."

तिनं शब्द दिला. सर मागच्या खोलीत गेले. त्या दिवसानंतर त्यांनी मेण वितळवलं नाही. लाटणं धुऊन माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. रॉकेल उरायला लागलं, त्यामुळे त्यांची आमटी त्यांनीच करायला सुरुवात केली. वाईट करायचे. वास यायचा.

पेपर झाला. तो प्रश्न आला होता, हे पोरींच्या बोलण्यातून कळलं. सुजाता म्हणाली, पेपर बरा गेला. निकाल लागला तेव्हा बाकी सगळं चांगलं आणि भूगोल थोडा कमी. डी.एड.च्या पहिल्या यादीत तिचं नाव आलं नाही. ह्यांनी बदलापूरला निरोप पाठवायची तयारी केली. मी म्हटलं, दुसरी यादी लागू दे, मुलगा कुठे पळून जात नाही. हे म्हणाले, "भूगोलाचे मार्क कुठे गेले? घरात भूगोलाचा सर पाळलाय!"

मी सुजाताला स्वयंपाकघरात गाठलं. "सरांनी सांगितलेलं लिहिलं होतंस ना?"

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तो प्रश्न सोडला."

"येत नव्हता?"

"येत होता."

"मग?"

"आई, लाटणं मी फिरवत होते. माझ्या हातानं ओढलं होतं. ढकललं असं कसं लिहू?"

"मग ओढलं लिहायचं होतंस, बये!"

"सरांना शब्द दिला होता ना, लिहिणार नाही म्हणून."

तिचा हात पिठात होता आणि तवा तापलेला होता, नाहीतर मी तिला एक ठेवून दिली असती. म्हणाली, सरांना सांगू नकोस, त्यांना वाटेल त्यांच्यामुळे गेलं. मी म्हटलं, त्यांच्यामुळेच गेलं. पण सांगितलं नाही. दुसरी यादी लागेपर्यंत घरात कोणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या यादीत तिचं नाव होतं, अगदी शेवटाकडे. वरच्या कोणी तरी प्रवेश घेतला नव्हता म्हणून जागा झाली. ह्यांनी पेढे आणले. सरांनाही दिले. त्यांनी पेढा घेतला आणि खाली बघत म्हणाले, "बरं झालं लिहिलंस ते." सुजातानं ते तसंच राहू दिलं, आणि डी.एड. संपेपर्यंत सर तिच्याशी समुद्राबद्दल एक शब्द बोलले नाहीत. दारात समोर आली तर पावसापाण्याचं विचारायचे. सरांच्या तोंडून पावसापाण्याचं ऐकणं फार विचित्र वाटायचं.

मग सर रिटायर झाले आणि सांगलीला जायचं ठरलं. बायकोची आई वारली होती, शाळाही सुटली होती, तिनंच बोलावलं होतं. सुजाताला तेव्हा बदलापूरच्या एका शाळेत नोकरी लागलेली होती, ती सकाळीच गेली होती. टेम्पोत सामान चढलं. सामान कसलं, पुस्तकं आणि एक गादी. ट्रे त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाले, "वड्या थापायला होईल."

मग टेम्पोच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबले. "ताई, एक विचारायचं होतं. सुजातानं त्या प्रश्नाला... गाईडमधलं जसंच्या तसं लिहिलं का?"

इतकी वर्षं त्यांनी विचारलं नव्हतं म्हणून मी सांगितलं नव्हतं. आता विचारलं.

"नाही लिहिलं."

सर घाबरले. "मग माझं लिहिलं? मी शब्द घेतला होता."

"तुमचंही नाही. कोरा सोडला. म्हणाली, आपल्या हातानं ओढल्यावर ढकललं असं लिहिता येत नाही."

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. सरांनी पायरीवरचा पाय खाली घेतला. खिशाला लाल पेन होतं. पेपर तपासायचे बंद झाल्यापासून ते उगीचच खिशाला असायचं. त्यांनी ते काढलं, टोपण उघडलं, इकडेतिकडे बघितलं. लिहायला कागद नव्हता. टोपण परत लावलं.

"पाचपैकी पाच," ते म्हणाले.

मी म्हटलं, "तुमच्या मार्कांवर कुठे प्रवेश मिळत नाही, सर."

"नाही मिळत," ते म्हणाले आणि टेम्पोत चढले.

बसताना हसत होते. आमच्याकडे राहायला आल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. दात चांगले होते.